अकरा कंदिलांची नोंद

१

खंडेनवमीला सकाळी साडेअकराच्या सुमारास काचेच्या पेटीतली वही गेली, आणि बारा वाजायच्या आत गोकुळ नवपुते चोर ठरला. आपल्याकडं चोर ठरवायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो खरा चोर सापडायला.

जागा होती विमानतळालगतची मालाची जुनी शेड. ती सुरक्षेच्या कुंपणाबाहेर असल्यामुळं तिथं कुणालाही येता यायचं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिथं ‘धावपट्टीची गोष्ट’ हे प्रदर्शन उघडायचं होतं. भिंतीवर फलक लागले होते: ज्वारीच्या शिवारात माती सपाट करणारी माणसं आणि बैल, अजिंठा-वेरूळ बघायला उतरलेल्या गोऱ्या मडमा, हजला निघालेल्यांना निरोप द्यायला लोटलेले अख्खे मोहल्ले, शेंद्र्याच्या कारखान्यांचे सुटाबुटातले साहेब, आणि शेवटी नव्या इमारतीचा चकचकीत फोटो. मधोमध काचेची पेटी, आणि पेटीत टॉवरची अडतीस वर्षांपूर्वीची नोंदवही.

त्या वहीतल्या एका संध्याकाळची गोष्ट संभाजीनगरात सगळ्यांना पाठ होती. तिन्हीसांजेला वीज गेली. वर विमान घिरट्या घालत होतं, आत पर्यटक होते आणि इंधन संपत आलं होतं. अशा वेळी टॉवरचे अधिकारी अनंतराव सेलूकर यांनी धावपट्टीच्या कडेनं अकरा कंदील लावले आणि विमान सुखरूप उतरलं. पेपरात त्यांचा फोटो आला. तेव्हापासून ते गावाचे ‘कंदीलवाले साहेब’ झाले. प्रदर्शनाच्या उद्घाटनात त्यांचाच सत्कार होता.

करमाडच्या एका घरात मात्र ही गोष्ट वेगळी सांगायचे. कंदील लावले ते आपल्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, असं गोकुळची आई द्वारकाबाई म्हणायची. बद्रीनाथ धावपट्टीवरचं गवत कापणारा रोजंदार. लोक ऐकायचे आणि हसायचे. म्हातारीच्या बोलण्याला काय जातंय, म्हणायचे.

गोकुळ हा त्या बद्रीनाथचा मुलगा. वय शेहेचाळीस, विमानात सामान चढवायच्या कामावर. तो दोन दिवसांत तीनदा येऊन प्रदर्शन मांडणाऱ्या सावनी मॅडमना एकच बोलला होता, “मॅडम, तेवढं त्या दिवसाचं पान उघडं ठेवा.”

आणि आता वहीच नव्हती.

२

“बॅग उघड,” मिहिर म्हणाला.

मिहिर हा अनंतरावांचा जावई आणि ‘गरुडझेप’ या सामान हाताळणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक, म्हणजे गोकुळचा साहेब. प्रदर्शनाचा खर्चही त्याच्याच कंपनीचा.

गोकुळनं मुकाट्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. भाकरीचं फडकं, डोळ्यांच्या औषधाची बाटली, आणि काडी तुटलेला आईचा चष्मा, दुरुस्तीला न्यायचा. बघणाऱ्यांनी माना वळवल्या. वीस वर्षांच्या चाकरीत गोकुळवर असा प्रसंग आला नव्हता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

“म्या नाय घेतली, साहेब. म्या कशापायी घेईन? मलाच तर ते पान बघायचं व्हतं.”

“बघितलंस, आणि त्यात बापाचं नाव नाही हे कळलं. चाळीस वर्षं बढाया मारल्या, आता उघडे पडू, म्हणून गायब केलीस.” मिहिरनं घड्याळ बघितलं. “पोलीस नकोत मला, उद्या पाहुणे आहेत. सहापर्यंत वही पेटीत आली तर ठीक. नाहीतर तुझा पास रद्द करायचं पत्र मी सही करून पाठवणार.”

पास म्हणजे गळ्यातलं ते कार्ड. ते गेलं की कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नाही, आणि आत जाता आलं नाही तर सामान कुठलं चढवणार? पास गेला की नोकरी गेली. चोरीचा डाग लागून गेलेला पास परत कुणी देत नाही.

गोकुळ शेडबाहेर येऊन पायरीवर बसला. तिथं मंजुषाताई वाघचौरे डबा खात बसल्या होत्या. त्यांनी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “खा आधी. उपाशी पोटी माणूस चोरासारखाच दिसतो.”

मंजुषाताई म्हणजे सत्तावीस वर्षं सामानाच्या एक्स-रे यंत्रापुढं बसलेली बाई. आता निवृत्त, राहायला उस्मानपुऱ्यात. बॅग न उघडता आत काय आहे ते सांगायचं, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. लोकांनी त्यांच्यापासून चाकू लपवले, दारू लपवली, एका पठ्ठ्यानं तर जिवंत कोंबडीसुद्धा. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “लपवणारा वस्तू लपवतो, सवय नाय लपवत.” प्रदर्शनात त्यांची जुनी खुर्ची ठेवली होती, म्हणून त्या आल्या होत्या.

“तू घेतली नाहीस ना?”

“आईशप्पथ नाय, ताई.”

“मग तोंड पाडून बसू नकोस. सहा वाजायला लई वेळ हाय.”

३

मंजुषाताई आत गेल्या तेव्हा भागूबाई पूजेच्या टेबलापाशी फडकं झटकत होती. भागूबाई शेडची झाडलोट करायची.

“हुश्श! हाड! सकाळपासनं एक कबुतर नव्हतं, आता कुठनं तडमडलं मेलं!”

कबुतर उडून पत्र्याखालच्या लोखंडी कैचीवर जाऊन बसलं आणि तिथून टेबलाकडं बघत राहिलं.

टेबलावर खंडेनवमीची पूजा होती. सकाळी साडेनऊला कामगारांनी मांडलेली. विमानं काही नवमीला सुट्टी घेत नाहीत, म्हणून चालू हत्यारं पूजेला बसवता येत नाहीत. मग दरवर्षी एकेक जुना नग ठेवायचा. ट्रॉलीचं चाक, नटबोल्ट आवळायचे दोन पाने, वजनकाट्याचं ताट, विमानाला इशारा करायच्या दोन दांड्या, आणि द्वारकाबाईंनी प्रदर्शनाला दिलेला बद्रीनाथचा कंदील. खाली लाल कापड, वर हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यार रुसतं म्हणतात, आणि विमानाखाली काम करणाऱ्या माणसाला रुसलेलं हत्यार परवडत नाही. सगळी शेड तीनदा शोधली होती, या टेबलाकडं मात्र कुणी बोट केलं नव्हतं.

लाल कापडाच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

“हे कुणाचं काम?”

“मिहिर साहेबांचं. कुठंबी कप ठेवतेत. म्या बोलले तर म्हणले, टेबलच तर हाय.”

“बरं, वही शेवटची कधी बघितलीस?”

“अकराला. परसाद खायाला समदे भायेर गेलो तवा. आल्यावर नव्हती. आत सावनी मॅडम फलक चिकटवीत व्हत्या, मिहिर साहेब फोनवर आतबाहेर करीत व्हते. गोकुळ मधी एकदा डोकावून गेला, त्येवढंच लागलं त्येच्या कपाळाला.”

“आणि अनंतराव साहेब?”

“ते बाराला आले की. तुमच्यासमोरच नाय का उतरले गाडीतनं.”

मंजुषाताईंनी मान डोलावली आणि एकदम विचारलं, “भागूबाई, ही वही तुला रद्दीत मिळाली म्हणालीस ना?”

“व्हय. जुन्या कपाटाच्या मागं.”

“परवा मी नाकाशी धरली होती. डांबरगोळीचा वास येत होता. शिवणीला नवा दोरा होता. रद्दीत कोण घालतंय गं डांबरगोळ्या?”

भागूबाईनं इकडंतिकडं बघितलं. “मला शपथ घातलीया,” ती हळूच म्हणाली आणि झाडू घेऊन पळालीच.

४

सावनी शेवटचा फलक लावत होती. ती अनंतरावांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात इतिहास शिकवायची. हे सगळं प्रदर्शन तिनं उभं केलं होतं, आणि आता तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. पायाशी उद्याच्या दीपप्रज्वलनाची पिशवी होती. तिच्यात तबक, निरांजन, वाती आणि एक छोटी स्टीलची डबी.

“पानं मोडतील म्हणून तुम्ही कुणाला वही उघडू दिली नाहीत,” मंजुषाताई म्हणाल्या. “तुम्ही स्वतः वाचलं का, त्या दिवसाचं?”

“वरवर. इंग्रजीत वेळा आहेत, वाऱ्याची दिशा आहे. विशेष काही नाही.”

“मग उघडं का नाही ठेवलं? गोकुळ तीनदा सांगून गेला.”

“ठेवणार होते. राहून गेलं.” सावनीनं फलकावर हात फिरवला. तो आधीच सपाट होता. “मंजूताई, मिहिरला सांगा ना, पत्र उद्या पाठव म्हणावं. एक दिवसानं काय बिघडतंय? उद्या कदाचित... मिळेलही.”

“उद्या कशी मिळेल?”

“असंच म्हटलं.”

मंजुषाताई आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसल्या. ही खुर्ची अशी, की तिच्यात बसलं की त्यांचे डोळे आपोआप यंत्रासारखे चालायचे. अनंतराव दाराशी व्हीलचेअरमध्ये बसले होते. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, नजर मात्र टॉवरमधली. त्यांनी वर कबुतराकडं बघितलं आणि गरजले, “कुणी दाणा सांडलाय रे इथं? भागूबाई! तीस वर्षं कानीकपाळी ओरडलो. विमानतळावर शेंगदाण्याचं टरफलसुद्धा नको! दाणा आला की पाखरू येतं, पाखरू आलं की विमान जातं!”

“म्या नाय सांडला, साहेब!” भागूबाई लांबूनच ओरडली. “मी तर पूजेला बी तांदूळ वापरीत नाय!”

मंजुषाताई ताडकन उठल्या. टेबलाशी गेल्या, हात पाठीमागं बांधून वाकल्या आणि नुसतं बघितलं. कंदिलाच्या बुडाशी, झेंडूच्या पाकळ्यांत, चार-पाच तांदूळ होते. कुंकवात भिजवलेले. अक्षता.

मग त्यांनी मागच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवर हिरवा पट्टा होता. सकाळी पूजेच्या वेळी कंदिलाची कडी बरोबर त्या पट्ट्याला लागत होती. आता ती दोन बोटं वर होती.

घड्याळात साडेचार वाजले होते.

५

“सगळे इकडं या,” मंजुषाताई म्हणाल्या. “मिहिर साहेब, फोन ठेवा जरा. गोकुळ, तू बी ये.”

सगळे आले. भागूबाई झाडू धरून मागं उभी राहिली.

“वही या पूजेखाली हाय.”

मिहिर लगेच पुढं झाला, पण कामगारांनीच त्याला अडवलं. “साहेब, उद्या सकाळपतुर हात लावायचा नाय,” गोकुळ म्हणाला. त्याचा स्वतःचा पास जायला दीड तास उरला होता, तरी तो हे म्हणाला.

“वेडा आहेस का तू?” मिहिर म्हणाला.

“थांबा,” मंजुषाताई म्हणाल्या. “वही कुणी ठेवली ते आधी बघू. आमच्या लोकांपैकी कुणी मांडलेली पूजा हलवणार नाय, हे आत्ताच दिसलं. मिहिर साहेब, तुम्ही हलवली असती. तुम्हाला हे नुसतं टेबल वाटतं, कप ठेवता तुम्ही त्याच्यावर. पण तुम्ही वस्तू उचलली असती आणि कामाला लागला असता. ज्यानं वही ठेवली, त्यानं तसं केलं नाय. त्यानं आधी अक्षता वाहिल्या, कंदील जरासा सरकवला, देवाची परवानगी घेतली, मग उचलला. पूजेतली वस्तू हलवायची तर अशीच हलवतात, पण ते ज्याच्या घरी रोज होतं त्यालाच हातासरशी सुचतं.”

अनंतरावांनी व्हीलचेअर थोडी पुढं घेतली.

“म्हणजे मी?” त्यांनी विचारलं.

“नाय साहेब. तुम्ही बाराला आलात, वही साडेअकराला गेली होती. आणि उभा जन्म तुम्ही दाण्यावरून माणसं झोडली. विमानतळावर तांदूळ टाकायला तुमचा हातच उचलला नसता. भागूबाईचा उचलत नाय, गोकुळचा नाय. इथं मीठभाकर खाल्लेल्या कुणाचाच नाय. म्हणजे असं माणूस पाहिजे, ज्याला देवघराची सवय हाय आणि विमानतळाची नाय. आणि जवळ अक्षतांची डबी हाय.”

सावनीनं डोळे मिटून घेतले.

“मी हात लावणार नाय,” मंजुषाताई हळू आवाजात म्हणाल्या. “गोकुळबी लावणार नाय, त्याची नोकरी गेली तरी. पण ज्यानं एकदा परवानगी घेतली, त्यानं परत घ्यायला काय हरकत हाय, पोरी?”

सावनी वाकली, पिशवीतून स्टीलची डबी काढली, दोन बोटांत चार अक्षता घेतल्या आणि कंदिलापुढं वाहिल्या. तिचे ओठ हलले. तिनं कंदील उचलला, पाने उचलले, वजनकाट्याचं ताट उचललं. खालून पांढऱ्याशुभ्र पंच्यात गुंडाळलेली वही निघाली.

“फाडता नाही आली,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “बाबांचं अक्षर आहे. उद्या सत्कार झाला की ठेवणार होते परत. गोकुळभाऊ, तुमच्यावर येईल असं मनातही नव्हतं हो. आणि आलं, तेव्हा मी गप्प बसले. ते जास्त वाईट.”

गोकुळला तिचा राग आला होता, तो त्याच्या तोंडावर दिसतही होता. पण त्याचं लक्ष वहीवर होतं.

६

“इकडं आण,” अनंतराव म्हणाले.

“बाबा, नको.”

“आण म्हणतो ना, सावने. ती वही रद्दीत मिळाली नाही. माझ्या कपाटात होती, कपड्यांच्या खाली. मीच भागूबाईच्या हाती दिली आणि तिला शपथ घातली.”

सावनी बघतच राहिली. “तुम्ही?”

“पेपरवाल्यानं फोटो मागितला, मी दिला. आधी वाटलं, दोन दिवसांत विसरतील. मग सत्कार झाले, बढती मिळाली. दरवर्षी सांगू म्हणालो आणि दरवर्षी एक शाल घेऊन घरी आलो. तोंड उघडायची हिंमत झाली नाही माझी. वाटलं, आता वहीच बोलेल.” त्यांनी वही मांडीवर ओढून घेतली. “आणि तू तिचंही तोंड दाबलंस. माझीच लेक तू.”

त्यांनी पान काढलं. इंग्रजी नोंदींच्या खाली निळ्या शाईत मराठी ओळी होत्या, सुरेख वळणाच्या. चष्मा सारखा करून त्यांनी टॉवरमधल्या जुन्या आवाजात वाचलं:

“सायंकाळी सहा पन्नास. वीज नाही. रोजंदार बद्रीनाथ नवपुते याने शेजारच्या वस्तीवरून अकरा कंदील आणले आणि अंधारात धावपट्टीच्या कडेने लावले. कड कशी सापडली असे विचारता म्हणाला, साहेब, हा माझ्याच शेताचा बांध होता. सात वाजून दहा मिनिटांनी विमान सुखरूप उतरले. मी टॉवरमध्ये होतो.”

गोकुळ खाली बसला. मोठा बाप्या माणूस, त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि ढसाढसा रडला. भागूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मिहिरनं खिशातून टाइप केलेलं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि टाकायला जागा दिसेना म्हणून परत खिशात घातले. “चुकलो मी, गोकुळ,” तो म्हणाला. सकाळी पिशवी उपडी करायला लावताना आवाज मोठा होता, आत्ता तेवढा नव्हता.

“मोठ्यानं म्हणा,” मंजुषाताई म्हणाल्या. “चोर म्हणला तवा सगळ्यांनी ऐकलं होतं.”

मिहिर मोठ्यानं म्हणाला.

७

दसऱ्याला सकाळी प्रदर्शन उघडलं. पेटीतल्या वहीचं पान उघडं होतं. अनंतरावांनी शाल घेतली नाही. माइक मागून घेतला, तेच पान पुन्हा वाचलं आणि शेवटी म्हणाले, “अडतीस वर्षं मी दुसऱ्याच्या उजेडात उभा होतो.” काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींना वाजवाव्यात की नाही ते कळेना.

द्वारकाबाई पहिल्या रांगेत बसली होती. नव्या काडीचा चष्मा, डोक्यावर पदर. कंदिलाची सकाळीच उत्तरपूजा झाली होती आणि तो तिच्या मांडीवर होता. अनंतरावांनी व्हीलचेअर तिच्यापुढं आणली. आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवलं आणि वाकून नमस्कार करायला गेले. गुडघे वाकेनात, म्हणून हात जोडून तसेच थांबले.

“वहिनी, लई उशीर केला मी,” ते म्हणाले. सेलूकर साहेबांच्या तोंडी ‘लई’ कुणी कधी ऐकलं नव्हतं.

द्वारकाबाईनं पान निरखून बघितलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ मारली.

“केलाच की,” ती म्हणाली. “त्यांनी डोळे मिटले, तवर तरी यायला पायजे व्हतं.” मग जरा थांबून म्हणाली, “पर त्या दिसाचं इमानबी लई येळ वरच फिरत व्हतं, साहेब. शेवटाला उतरलं.”

मागं उभ्या असलेल्या मंजुषाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि गोकुळला कोपरानं ढोसलं.

“चल, कामावर जा. साडेअकराचं विमान यायचं असंल.”

गोकुळनं गळ्यातला पास सारखा केला आणि कुंपणाकडं निघाला.